हातोडीचे पोचे आणि राखेची पाइपलाइन

औष्णिक वीजकेंद्रातल्या ईएसपीखाली, म्हणजे धुरातली राख वेगळी करणाऱ्या यंत्राखाली, उभं राहून वर पाहिलं, की नरसाळ्याच्या आकाराच्या लोखंडी हॉपरांच्या रांगा दिसतात. धुरातली राख विजेच्या भाराने ओढून घेतली जाते, ती खाली या हॉपरांत जमते. बऱ्याच हॉपरांच्या बुडाशी पोचेच पोचे असतात. ते हातोडीचे. राख अडकली की कोणीतरी ठोकतं, राख सुटते, पण पत्र्याला आतून एक उंचवटा येतो. पुढच्या वेळी राख नेमकी त्याच उंचवट्याला धरून बसते. मग पुन्हा हातोडी. मला विचाराल तर यंत्रणेची तब्येत जोखायला आधी हे पोचे बघावेत, कागद नंतर.

आपल्याकडच्या कोळशात राख फार, साधारण ३० ते ४५ टक्के. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की तासाला शंभरेक टन राख निघते, आणि चंद्रपूरला असे पाच संच आहेत. या राखेचे पाचातले चार भाग इतके बारीक असतात की धुराबरोबर वरच जातात. ही सगळी राख हॉपरपासून सायलोपर्यंत, म्हणजे साठवणीच्या मोठ्या टाकीपर्यंत, नेते ती हवा. ना पट्टा, ना बादल्या. फक्त बंद पाइप. सायलोतून ती बल्कर टँकरमध्ये भरून सिमेंट कारखान्यांकडे जाते.

खळ्यावर धान्य उफणताना वारा भुसा पुढे नेतो आणि दाणे पायाशी पडतात. वारा पडला तर भुसाही खाली बसतो. पाइपातही तेच. वेग एका मर्यादेखाली गेला की कण तळाला बसू लागतात, थर वाढतो आणि लाइन चोक होते. म्हणून भरपूर हवा सोडून, सेकंदाला २० ते ३० मीटर वेगाने माल उडवत नेण्याची पद्धत रूढ झाली. राखेसाठी मात्र आता बहुतेक ठिकाणी दुसरी पद्धत वापरतात: हवा थोडी, दाब जास्त. बारीक राखेत हवा मिसळली की ती जवळजवळ पाण्यासारखी वाहते, त्यामुळे तिला उडवावं लागत नाही, नुसतं ढकललं तरी पुरतं.

आता खरी गोम. पाइपात हवेचा वेग सगळीकडे सारखा नसतो. सुरुवातीला हवा दाबलेली असते. पुढे जाता जाता दाब उतरतो, हवा फुगते आणि पळू लागते. सुरुवातीचा दाब वातावरणाच्या तिप्पट असेल, तर ५ मीटरने निघालेली हवा टोकाला १५ मीटरवर पोहोचते. झीज मात्र वेगाच्या साधारण अडीच ते तीन घाताने वाढते. वेग दुप्पट झाला तर झीज सहा ते आठपट. म्हणून भोक बहुधा पडतं ते सायलोजवळच्या बेंडला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, त्याच्या बाहेरच्या बाजूला, जिला कामगार ‘पाठ’ म्हणतात. उपाय साधा आहे: मध्येच पाइप मोठा करायचा. १५० मिलिमीटरचा २०० केला की टोकाचा वेग १५ वरून साडेआठवर येतो आणि झीज चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर उतरते. लाइन चोक झाली की हवा वाढवायची, ही सवय मात्र नेमकी उलट दिशेची. आजची अडचण सुटते आणि शेवटच्या बेंडचं आयुष्य कमी होतं.

जोडणीच्या वेळी जागा वाचवायला पाइप तिरका नेण्याचा मोह होतो. कागदावर तो सगळ्यात जवळचा रस्ता. पण चढत्या तिरक्या पाइपात राख मागे घसरत राहते. आडवा आणि मग सरळ उभा पाइप लांब पडला तरी बरा. फ्लँजमधली, म्हणजे पाइप जोडायच्या कडांमधली, गॅस्केटची चकती आत डोकावत असेल किंवा दोन पाइपांची तोंडं दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असतील, तर तिथे भोवरा तयार होतो आणि त्याच्या पुढचा पाइप कुरतडला जातो. बेंडला बसाल्ट किंवा सिरॅमिकचं अस्तर लावतात, पण जोड वाकडा असेल तर अस्तर फार काळ वाचवत नाही.

राखेचा मोठा शत्रू पाणी. ईएसपीत ती सव्वाशे-दीडशे अंशांवर असते; हॉपरचा हीटर बंद पडला, पत्रा गार झाला, की आत दव धरतं आणि राखेचा गोळा होतो. त्यात पावसाळ्याची भर. मिनिटाला १०० घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर ओल्या जुलैत तासाला शंभर लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने आत घेतो. ड्रायर आणि ड्रेन नीट चालत नसतील तर ते पाणी थेट राखेत जातं. ड्रेन उघडून पाहणं हे दोन मिनिटांचं काम, पण पाळीच्या गडबडीत तेच आधी राहून जातं.

गळतीचं गणितही असंच नजरेआड राहतं. ७ बार दाबाच्या लाइनीला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर तीन-चार किलोवॅट वीज सतत हवेत जाते. आणि राखेच्या लाइनीला गळती झाली तर हवेसोबत राखही सुटते. हॉपरखालच्या डोम व्हॉल्व्हचं, म्हणजे घुमटाच्या आकाराच्या झडपेचं, रबरी सील फुगण्याआधी फटीतून राखेची धार निघाली, तर ती घुमट आणि सील दोन्ही खरवडून काढते. सील महाग नसतं. ते बदलायला लाइन थांबवावी लागते, म्हणून ते लांबणीवर पडतं.

राख जळत नाही, एवढं एक सुख. पीठ किंवा साखर वाहणाऱ्या लाइनीत घर्षणाने साचलेला विद्युतभार ठिणगी टाकू शकतो, म्हणून प्रत्येक फ्लँजवरून तांब्याची तार टाकून सगळा पाइप जमिनीशी जोडावा लागतो. अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जण मेले. तिथे साखर बंदिस्त पट्ट्यावरून जात होती, पाइपातून नव्हे. पण हवेत तरंगणारी साखर तो भेद करत नाही.

राखेच्या लाइनीवर रोज पाहायची गोष्ट म्हणजे दाबाचा आलेख. प्रत्येक खेपेला दाब चढतो, टिकतो आणि राख पोहोचली की झपकन उतरतो. उतार रोज थोडा लांबू लागला की कुठेतरी थर बसतोय. जाडी मात्र आलेखात दिसत नाही. ती अल्ट्रासॉनिक मापकाने मोजावी लागते, आणि जिथे हे काम नेमाने होतं तिथे शेवटच्या बेंडच्या पाठीवर खडूने लिहिलेले आकडे दिसतात, एकाखाली एक, तारखेसह, प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा थोडा लहान.