जाम आणि सीझ: अडकलेल्या जुन्या चेन सॉचे दोन आजार

पुण्यात जुना चेन सॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत, मिळतो तो बहुधा अडकलेलाच. बुधवार-रविवारचा जुना बाजार असो, टिंबर मार्केटमधल्या एखाद्या वखारीचा माळा असो, की मुळशी-वेल्ह्याकडच्या लाकूड ठेकेदाराचा गोठा असो. विकणारा दोरी ओढून दाखवतो, दोरी जागची हलत नाही, आणि तो बिनदिक्कत सांगतो, “साहेब, इंजिन सीझ आहे, म्हणून तर या भावात देतोय.” हे ऐकून कोणी काढता पाय घेतो, तर कोणी भंगाराच्या भावात मिळतंय म्हणून उचलून घरी आणतो आणि पहिल्याच रात्री हातोडी काढतो. दोघांचीही घाईच होते. ‘सीझ’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नुसतं जाम झालेलं असतं, आणि खरोखर सीझ झालेला सॉ पुष्कळदा दोरी ओढताच गरगर फिरतो.

जाम होतं ते पडून राहून. पावसाळ्यामागून पावसाळे मशीन शेडमध्ये पडलेलं असतं, एक्झॉस्टच्या भोकातून ओल आत जाते, पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत गंजून एकमेकांना धरून बसतात. कधी गंज नसतोच, जुनं ऑइल वाळून सरसासारखं चिकट झालेलं असतं. सीझ होतं ते चालता चालता. पिस्टनला वंगण कमी पडलं किंवा उष्णता जास्त झाली की ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो, भिंतीवर घासतो आणि त्याचा धातू सिलिंडरला लेप दिल्यासारखा चोपडला जातो. एकात माणसाने मशीनकडे दुर्लक्ष केलेलं असतं, दुसऱ्यात मशीन चुकीचं चालवलेलं असतं.

पुणेकराला टू-स्ट्रोक समजावून सांगायला नको. चेतक आकुर्डीत घडली, लुनाही इथलीच, आणि पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घातलेली पिढी अजून धडधाकट आहे. चेन सॉचंही तेच: क्रँककेसमध्ये (क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीत) वेगळं ऑइल नाही, पेट्रोलमधून येईल तेवढंच वंगण. साखळीवर पडणारं ऑइल निराळं, त्याची टाकी निराळी, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. दोन झाकणांची अदलाबदल करून सॉ सीझ करणारे महाभाग मात्र असतात.

आता तपासणी. दोरी हलत नाही म्हणजे इंजिनच अडकलंय असंही नाही. स्टार्टरचं कव्हर तीन-चार स्क्रूंनी बसवलेलं असतं, ते काढून बाजूला ठेवा आणि फ्लायव्हील, म्हणजे आतलं जड चाक, हाताने फिरवून बघा. फिरलं तर अडकलाय तो स्टार्टर, इंजिन अडकलेलं नाही, आणि तुमचं नशीब जोरावर आहे. ही गोष्ट विकणाऱ्यासमोर आनंदाने ओरडून सांगू नका.

फ्लायव्हीलही हलत नसेल तर सायलेन्सर काढा. बहुतेक जुन्या मशीनवर तो दोन बोल्टांचा खेळ आहे. मोबाइलची बॅटरी लावून एक्झॉस्टच्या भोकातून आत डोकावलं की पिस्टनची एक बाजू आणि रिंगा समोर दिसतात. सगळा निवाडा इथेच होतो. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील, रिंगेच्या काठाला तांबूस भुकटी असेल, किंवा काकवीच्या रंगाचा वाळलेला थर असेल, तर तो जाम आहे. याउलट त्या आडव्या रेषा पुसल्या जाऊन वरून खाली उभे ओरखडे उमटले असतील, राखाडी धातू फासल्यासारखा दिसत असेल आणि रिंग खाचेत दबून तिच्यावरही तोच धातू आला असेल, तर तो सीझ. रिंग बारीक काडीने हळूच दाबून बघा. मोकळी रिंग दबते आणि परत वर येते, सीझ झालेल्या पिस्टनची दबतच नाही.

आणि फिरणारा सॉ? गरम असताना धरलेला पिस्टन थंड झाला की आकसतो आणि सुटतो. म्हणून कोणी “चालू कंडिशन” म्हणून दोरी सुळकन ओढून दाखवली तरी हुरळून जाऊ नये. दोरीचं हँडल धरून अख्खं मशीन लटकवा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये धरून राहणारा दाब) चांगलं असेल तर ते अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येतं. सरळ सुर्रकन खाली आलं तर सायलेन्सर काढून आत बघितल्याशिवाय पाकीट काढायचं नाही.

जामवर उपाय आहे तो सबुरीचा. प्लग काढा, मशीन अशा बेताने टेकवा की ओतलेलं द्रव पिस्टनच्या डोक्यावर साचून राहील, एक्झॉस्ट उघडा असेल तर तो वरच्या बाजूला येऊ द्या. गंज सोडवायचं कुठलंही पातळ तेल चालतं. या छंदातले लोक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात, तेही उत्तम काम करतं. फक्त ॲसिटोन पेट्रोलसारखंच भडकतं, तेव्हा देवघरातल्या निरांजनापासून लांब. मग रोज फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. केसभर हललं तरी त्या दिवसापुरतं पुरे. जोर लावून फिरवला तर रिंग मोडते, दोरीने हिसके दिले तर स्टार्टरची पॉल (फ्लायव्हीलला पकडणारी खिटी) तुटते, आणि एक्झॉस्टमधून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टनवर ठोकणाऱ्याला काय म्हणावं! क्लच काढायची वेळ आली तर ध्यानात ठेवा, बहुतेक डायरेक्ट-ड्राइव्ह (मध्ये गिअर नसलेल्या) सॉवर त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो.

सुटल्यानंतरही दोन ठिकाणं बघायची राहतात. क्रँकचे बेअरिंग गंजले असतील तर फ्लायव्हील फिरवताना बोटांना खरखर जाणवते, ते बदलावेच लागतात. आणि क्रँककेस. बऱ्याच जुन्या सॉची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, पाण्याने तिच्यावर पांढरी भुकटी धरते आणि खालचा धातू खड्डेखड्डे होऊन खाल्ला जातो. हे नुकसान कुठल्याही तेलाने भरून येत नाही. जामच्या बाबतीत सौदा मोडायला हेच एक कारण पुरेसं आहे.

सीझचं काम वेगळ्या टोकाने सुरू होतं. पिस्टन-रिंगा बदलून मोकळं होण्याचा मोह आवरायचा, कारण पिस्टन खराब झाला तो कशामुळे, हे कळल्याशिवाय नवा पिस्टनही त्याच वाटेने जाणार. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर संशय उष्णतेवर आणि कमी वंगणावर: ऑइल न घालता भरलेलं पेट्रोल, कार्ब्युरेटरचा कडक झालेला पडदा, जास्त आवळलेला जेटचा स्क्रू, किंवा क्रँकचं ऑइल सील (रबरी कडं) सुकून आत शिरणारी हवा. ओरखडे इनटेकच्या बाजूला असतील तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ आणि भुसा आत गेलेला असतो. जुन्या मशीनमध्ये ऑइल सील हा आरोपी नंबर एक, म्हणून पिस्टनबरोबर दोन्ही सीलही बदलून टाकावेत. ते मापावर मिळतात, मॉडेलच्या नावावर अडून बसायची गरज नाही.

सिलिंडरबद्दल पुण्यात विशेष जपायला हवं. इथल्या बोअरवाल्यांचा हात चेतकच्या बिडाच्या सिलिंडरवर बसलेला. बोअर करायचा (आतून कापून रुंद करायचा), ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, संध्याकाळी गाडी घेऊन जा. पण कित्येक सॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आत क्रोमचा पातळ मुलामा. तो बोअर केला तर मुलामाच निघून गेला, सिलिंडर कायमचा गेला. देण्याआधी आतल्या भिंतीला लोहचुंबक लावा. झटकन चिकटला तर बिडाचं लायनर आहे, खुशाल बोअर करा. क्रोमवर फासलेलं ॲल्युमिनियम काढायला संडास साफ करायचं ॲसिड कापसाच्या काडीने फक्त त्या डागावर लावतात. ते फसफसतं, पुसायचं, परत लावायचं. फेस थांबला की डाग गेला. फेस थांबतच नसेल तर मुलामा फाटलाय आणि खालचं ॲल्युमिनियम विरघळतंय, लगेच पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा, उघडी गच्ची. मॅग्नेशियमच्या क्रँककेसजवळ या ॲसिडचा थेंबही नको, सिलिंडर सुटा करूनच हे काम.

मशीन कुठलं आहे यावरही बरंच ठरतं. श्टिल या जर्मन कंपनीचा १९५९ चा काँट्रा हा गिअर नसलेला, साखळी थेट क्रँकवरून फिरवणारा सॉ. त्याच घराण्यातला पुढचा ०७०, १०६ सीसीचा, आपल्याकडच्या लाकूडतोडीत वर्षानुवर्षं राबला. त्याचे पिस्टन, सील, कार्ब्युरेटरचे पडदे आजही मिळतात, त्यामुळे सीझ असला तरी ०७० घ्यायला हरकत नाही. एखादा जुना अमेरिकी मॅककलक किंवा होमलाइट कुठून तरी इकडे येऊन पडलेला असेल तर तो जामच असलेला बरा. सीझ निघाला तर त्याचा पिस्टन परदेशातून मागवावा लागेल, आणि पार्सल सॉपेक्षा महाग पडेल.

आजकाल पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल दोन्ही आजारांना हातभार लावतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, तेव्हा टाकीत पेट्रोल ठेवून मशीन पावसाळाभर ठेवलं तर कार्ब्युरेटर आणि बेअरिंग गंजायला आयतीच सोय. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि इंजिन जास्त तापतं. काम झालं की टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवा. ऑइलच्या प्रमाणात कंजुषी नको: श्टिल स्वतःच्या ऑइलला ५० ला १ (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) सांगते, इतर टू-स्ट्रोक ऑइलला २५ ला १.

सगळ्यात अवघड सॉ तो, ज्याला दोन्ही झालंय. आधी कोणी तरी तो सीझ केला, मग वैतागून शेडमध्ये टाकला, वर चार-पाच पावसाळे गेले. बाहेरून गंज दिसतो आणि आपण खुशीत म्हणतो, नुसता जाम आहे. एक्झॉस्टमधून गंजाच्या भुकटीखाली एक जरी उभा ओरखडा दिसला तरी त्याचा भाव सीझच्या हिशेबाने करा, आणि विकणारा ऐकत नसेल तर पुढच्या रविवारी परत या. असला सॉ सहसा तिथेच पडलेला असतो.