सीआर३०२२

सार्स आणि कोविड-१९ या दोन्ही रोगांच्या विषाणूंवरील काटेरी (स्पाइक) प्रथिन ओळखणारे मानवी मोनोक्लोनल (सर्व रेणू एकसारखे असलेले) प्रतिपिंड. ते शोधले गेले औषधासाठी, पण नाव कमावले प्रयोगशाळेत: २०२० नंतर काटेरी प्रथिनावरील चाचण्यांमध्ये ते तुलनेचे माप म्हणून जगभर वापरले गेले.

२००३ च्या साथीत सिंगापूरमध्ये सार्सचे २३८ रुग्ण आढळले, त्यांपैकी ३३ दगावले. तिथल्याच बऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या लसिकापेशींतून नेदरलँड्समधील क्रूसेल कंपनीच्या संशोधकांनी हे प्रतिपिंड मिळवले. त्यासाठी प्रतिपिंडांची जनुके जीवाणुभक्षी विषाणूंत घातली जातात आणि प्रत्येक भक्षी आपल्या पृष्ठभागावर एकेक प्रतिपिंड-तुकडा धारण करतो. लक्ष्याला चिकटतात ते भक्षी ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, आणि हे अनेकदा करायचे. २००६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. सीआर३०१४ या दुसऱ्या प्रतिपिंडाला चकवणारे उत्परिवर्तित विषाणूही सीआर३०२२ निकामी करत होते, म्हणून दोघांचा जोडउपचार सुचवला गेला. पण सार्सची साथ तोवर केव्हाच ओसरली होती.

२०२० च्या सुरुवातीला नव्या विषाणूवर जुनी सार्स-प्रतिपिंडे तपासली गेली. त्यांतली बरीचशी चिकटली नाहीत, सीआर३०२२ चिकटले. का, याचे उत्तर अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या गटाने स्फटिकरचनेतून दिले. हे प्रतिपिंड काटेरी प्रथिनाच्या ग्राही-बंधक भागातील (मानवी पेशीला धरणाऱ्या भागातील) २८ अमिनो आम्लांवर बसते आणि त्यांतली २४ दोन्ही विषाणूंत सारखीच आहेत. ही जागा एसीई२ या मानवी पेशीवरील ग्राहीच्या (विषाणू ज्याला चिकटतो त्या प्रथिनाच्या) बंधनस्थळापासून दूर आणि एरवी झाकलेली असते. काटेरी प्रथिन तीन एककांचे असते. त्यांतले निदान दोन ग्राही-बंधक भाग वर उचलले गेले, तरच प्रतिपिंडाला आत शिरता येते.

चिकटणे म्हणजे निकामी करणे नव्हे, हे या प्रतिपिंडाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. स्क्रिप्सच्या चाचणीत जुन्या विषाणूला रोखायला मिलिलिटरला १२.५ मायक्रोग्रॅम पुरले. नवा विषाणू ४०० मायक्रोग्रॅमलाही थांबला नाही. ऑक्सफर्डच्या गटाला मात्र हे प्रतिपिंड काटेरी प्रथिनाची घडीच मोडून विषाणू निकामी करते असे आढळले. पुढे कळले की ३८४ व्या स्थानावरचे प्रोलीन बदलून तिथे सार्सप्रमाणे ॲलानीन घातले, तर स्क्रिप्सच्या कसोटीतही नवा विषाणू निकामी होतो. एवढा फरक एका अमिनो आम्लाचा!

रक्तातील प्रतिपिंडे मोजणाऱ्या एलायझा चाचणीत मात्र ही उणीव आड येत नाही. ९६ खाचांच्या पट्टीत काटेरी प्रथिन चिकटवतात, त्यावर रुग्णाचा रक्तद्रव घालतात आणि मग मानवी आयजीजी (रक्तातील प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) ओळखणारे, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड. द्रावणाला येणारा रंग जितका गडद, तितकी प्रतिपिंडे अधिक. सीआर३०२२ आयजीजी स्वरूपात बनवले की तेही त्याच दुसऱ्या प्रतिपिंडाने ओळखले जाते. त्यामुळे त्याच्या ठरावीक मात्रांवरून आलेख आखून रुग्णाच्या नमुन्यातील प्रमाण सांगता येते, आणि प्रथिनाची घडी नीट आहे की नाही याचीही पारख होते. बरे झालेल्या रुग्णांचे रक्त मिळणे कठीण होते त्या सुरुवातीच्या महिन्यांत ही मोठीच सोय होती. प्रतिपिंडाच्या बदलत्या भागाचा (लक्ष्याला चिकटणाऱ्या भागाचा) जनुकक्रम सार्वजनिक संग्रहात असल्याने कोणतीही सुसज्ज प्रयोगशाळा संवर्धित पेशींत ते स्वतः बनवू शकत होती.

दोन विषाणूंत भेद करायला ते उपयोगाचे नाही. नमुन्यात सार्सचा विषाणू आहे की कोविडचा, हे केवळ सीआर३०२२ च्या बंधनावरून ठरत नाही.