डोमेन-नाव शोध साधन (एआय एजंटांसाठी)

एखादे डोमेन नाव नोंदणीसाठी मोकळे आहे की कोणी आधीच घेतले आहे, हे एआय एजंटाला (माणसाच्या वतीने कामे करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) स्वतः तपासता यावे म्हणून बनवलेले सॉफ्टवेअर. माणसांसाठी ही सोय रजिस्ट्रारांच्या, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपन्यांच्या, संकेतस्थळांवर असतेच : चौकटीत नाव टाकायचे, हिरवी किंवा लाल खूण पाहायची. एजंटाच्या हाती खूण येत नाही, मजकूर येतो. त्या मजकुराचा अर्थ कसा लावायचा, हे साधनाच्या वर्णनात जेवढे लिहिले असेल तेवढेच त्याला कळते. उरलेले तो अंदाजाने भरतो. म्हणून इथे माहितीपुस्तिका मागाहून लिहून भागत नाही.

पूर्वी हा शोध माणसेच घेत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांचा गट अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यावरील संगणकांच्या नावांची यादी सांभाळत असे आणि नवे नाव हवे असणारा तिथे फोन करी. १९८२ मध्ये नोंदीची माहिती विचारण्याच्या 'हूइज' या प्रोटोकॉलचा (संगणकांतील संवादाच्या नियमांचा) पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. सर्व्हरच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवर नाव पाठवायचे, साधा मजकूर परत यायचा. सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. हूइजच्या उत्तराला ठरावीक साचा नाही. एक रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या एका शेपटाखालील सर्व नावांची मूळ नोंद ठेवणारी संस्था) 'नो मॅच' म्हणते, दुसरी 'नॉट फाउंड'. २०१५ मध्ये हूइजला पर्याय म्हणून आलेल्या 'आरडॅप'ने उत्तर जेसन या यंत्राला वाचता येणाऱ्या ठरावीक स्वरूपात द्यायला सुरुवात केली आणि नोंद नसेल तर ४०४ हा संकेत ठरवला. डॉट कॉमसारख्या सामान्य टीएलडींवरची (टीएलडी म्हणजे नावाचा शेवटचा भाग) हूइजची सक्ती आयकॅन या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने २८ जानेवारी २०२५ पासून काढली. देशांच्या टीएलडींना हे नियम लागू नसल्याने काहींकडे आरडॅप आहे, काहींकडे नाही, आणि साधनाला दोन्ही भाषा बोलाव्या लागतात.

खरी अडचण पुढे आहे. ४०४ चा अर्थ 'या नावाची नोंद सापडली नाही' एवढाच. नाव रजिस्ट्रीने राखून ठेवलेले असू शकते, किंवा 'प्रीमियम' म्हणून नेहमीच्या कितीतरी पट दराने विक्रीला असू शकते. डीएनएसला (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारणे त्याहून बेभरवशाचे, कारण नाव विकत घेऊन नेमसर्व्हर (तो पत्ता देणारा सर्व्हर) न जोडता तसेच ठेवणारे पुष्कळ असतात आणि तेव्हा डीएनएस 'असे नाव नाही' म्हणून मोकळा होतो. त्यातल्या त्यात खात्रीचे उत्तर ईपीपी या रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री यांच्यातील प्रोटोकॉलमधील 'चेक' आज्ञेने मिळते. पण तो मार्ग मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांनाच खुला आहे. गंमत म्हणजे ईपीपीचे प्रमाणकही या उत्तराला 'हिंट' (सूचक इशारा) एवढेच म्हणते. नाव मिळाले की नाही, हे नोंदणीची आज्ञा यशस्वी झाल्यावरच ठरते.

त्यामुळे चांगल्या साधनाचे उत्तर 'हो' आणि 'नाही' यांवर थांबत नाही. 'नोंदलेले', 'नोंद आढळली नाही', 'प्रीमियम' यांच्या जोडीला 'कळू शकले नाही' अशी अवस्था लागते, आणि चौघांत सर्वांत महत्त्वाची तीच. समजा, एजंटाने एका दमात चाळीस नावे विचारली. पंधरा नावांनंतर रजिस्ट्रीच्या सर्व्हरने 'फार विनंत्या झाल्या' या अर्थाचा ४२९ संकेत द्यायला सुरुवात केली. कच्च्या साधनाने ही चूक गिळून रिकामे उत्तर पुढे केले, की एजंट मालकाला आत्मविश्वासाने सांगतो : पंचवीस नावे मोकळी आहेत! दोष एजंटामागच्या एआय मॉडेलवर ढकलला जातो. चूक मात्र साधनाची असते.

अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या, एआयला साधने जोडण्याच्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि आदानाची (साधनाला कोणती माहिती द्यायची याची) रचना असते. डोमेन शोधाच्या वर्णनात नाव टीएलडीसह द्यावे की टीएलडीविना, एका वेळी किती नावे चालतील, उत्तर किती वेळ ताजे समजावे, हे लिहावे लागते. साधन केवळ वाचन करते अशी सूचनाही जोडता येते. नोंदणी आणि पैसे भरणे यासाठी वेगळे साधन ठेवून मधे माणसाची संमती घेणे शहाणपणाचे. विनंत्या कोणाकडे जातात हेही सांगायला हवे. २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेतील एका मोठ्या रजिस्ट्रारने आपल्याकडे शोधली गेलेली नावे चार दिवस स्वतःच अडवून ठेवल्याचे उघड झाले होते आणि त्यावर बराच गदारोळ उठला होता.

मराठी नावांबाबत आणखी एक गुंता. 'ज्ञान' रोमन लिपीत लिहिताना मराठी माणूस 'डी-एन-वाय'ने सुरुवात करतो, हिंदी भाषक 'जी-वाय'ने. इंग्रजी-हिंदी मजकुरावर पोसलेला एजंट बहुधा दुसरे रूप सुचवतो. 'ळ'ला तर रोमन लिपीत वेगळे अक्षरच नाही. मिसळ आणि मिसाल एकाच स्पेलिंगमध्ये बसतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'डॉट भारत'मध्ये नाव थेट देवनागरीत घेता येते. मात्र यंत्रणेच्या पोटात ते 'एक्सएन--'ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत साठते आणि एका भागाची ६३ अक्षरांची मर्यादा त्या रूपाला लागते. साधन देवनागरी थेट स्वीकारते, की रूपांतर एजंटाने आधी करायचे, हे वर्णनात नसेल तर मॉडेल ते रूपांतर मनाने करते आणि हमखास चुकते.

मुदत संपलेली नावेही फसवतात. सामान्य टीएलडींत वगळलेले नाव साधारण ३० दिवस जुन्या मालकासाठी राखलेले असते, मग ५ दिवस 'वगळणे प्रलंबित' या अवस्थेत राहते. या काळात त्यावर संकेतस्थळ उघडत नाही, पण आरडॅपमध्ये नोंद सापडते; साधनाने ते 'नोंदलेले' असेच सांगायचे असते.