केटलमधला हॉप: गाळायचा की निवळू द्यायचा?

बेळगाव-खानापूरकडचा माणूस हॉपच्या, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, चोथ्याबद्दल विचारतो तेव्हा तो स्वतः घरी बीअर करत असतो असं नाही. कर्नाटकात 1965 च्या अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय ती करता येत नाही आणि हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडात गेलं तरी सुटका नाही. प्रश्न येतो तो बंगळूरच्या ब्रूपबमध्ये (स्वतःची बीअर करणाऱ्या पबमध्ये) केटलवर, म्हणजे उकळायच्या मोठ्या भांड्यावर, उभ्या राहणाऱ्या पोरांकडून, नाहीतर मेलबर्न-लीड्सकडे गॅरेजमध्ये वीस लिटरची बॅच लावणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून. व्हिडिओ कॉलवर केटलचा तळ दाखवतात. हिरवट-करडा, पिठल्यासारखा थर, त्यात बुडालेला नळ आणि नळातून थेंब थेंब. "मामा, हे गाळू कसं?"

घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे 'दारू गाळणं' म्हणजे भट्टीवर वाफ धरून तिची धार काढणं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा बेळगावलाही लागू होता, कारण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता. हातभट्टी, गाळप, धाड हे शब्द त्या काळात घराघरांत मुरले. त्यामुळे पोराने साध्या अर्थाने 'बीअर गाळतोय' म्हटलं की घरातली आजी देवासमोरची जपमाळ खाली ठेवते. बरं, दुसरा शब्द घ्यावा तर तोही निसरडा. गुऱ्हाळात काहिलीवर येणारा मळकट फेस म्हणजे मळी. साखर कारखान्यात मात्र मळी म्हणजे काकवीसारखा उरलेला दाट रस, ज्यापासून पुढे मद्यार्क होतो. केटलच्या तळाशी बसणाऱ्या गाळाला ब्रुअर जर्मन शब्द वापरून 'ट्रूब' म्हणतात. त्याला मळी म्हटलं तर कारखान्यातला माणूस भलतंच समजेल. चोथा म्हणावं तर त्यात फक्त हॉप येतो आणि उकळताना फुटून गोळा झालेली प्रथिनं वगळली जातात. मला जुना 'साका' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात गोष्ट तळाशी बसते. गाळण्यापेक्षा हे काम निवळण्याचं जास्त आहे आणि 'फिल्टर' या शब्दाने हीच गोष्ट झाकून टाकली.

 आपल्याला हवी ती गोष्ट अशी की शेकडो वर्षं हॉप अख्ख्या फुलांच्या रूपात पडत होता. उकळी संपली की सगळं छिद्रांच्या खोट्या तळावर सोडायचं. फुलांचा थर तिथे बसायचा आणि तोच गाळणीचं काम करायचा. प्रथिनांचा गाळ फुलांत अडकायचा, खाली स्वच्छ रस, म्हणजे बीअर होण्याआधीचं धान्याचं गोड पाणी, उतरायचा. वेगळी गाळणी कुणाला सुचण्याचं कारणच नव्हतं.

मग पेलेट आले. फुलं दळून, दाबून केलेल्या गोळ्या, शंभर किलोतून साधारण नव्वद किलो निघतात म्हणून 'टाइप 90'. टिकायला बरे, जागा कमी, पण उकळीत पडले की पीठ होतं. त्या पिठाचा थर रस सोडत नाही, जाळी बंद करतो. मोठ्या ब्रुअरींकडे यावर उपाय होता. 1960 मध्ये कॅनडातल्या एका ब्रुअरीत व्हर्लपूलची टाकी निघाली होती. रस कडेने वेगात सोडायचा, तो गोल फिरतो आणि गाळ मधोमध ढिगारा होऊन बसतो. ढवळलेल्या चहाची पत्ती कपाच्या मध्यावर का जमते, याचं उत्तर 1926 साली एका जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञाने नद्यांच्या वळणांबद्दल लिहिताना दिलं होतं. तळाशी घर्षणाने पाणी मंदावतं आणि आतल्या बाजूला वाहतं. मलप्रभेच्या वळणावर आतल्या काठाला वाळू साचते तीही याच न्यायाने.

घरगुती ब्रुअर या गोष्टीत उशिरा आले. ब्रिटनने घरच्या बीअरसाठीची परवान्याची अट 1963 मध्ये काढून टाकली. अमेरिकेत तिला मोकळीक देणारा कायदा 1978 चा. त्यामुळे यातल्या अनेकांच्या हाती पेलेटच लागले, खोट्या तळाची युक्ती मात्र जुन्या फुलांच्या काळातली. मग पिशव्या, मलमल, स्टीलची बारीक जाळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्रा-जाळीचं काम करणाऱ्याकडून एकाने अशी बास्केट करून नेली. काम चोख, पण हॉपचं पीठ आत कोंडून बसलं, रसात कडवटपणा कमी उतरला आणि धुताना तासभर गेला.

खरा वाद पुढचा आहे: थोडा गाळ फर्मेंटरमध्ये, म्हणजे यीस्ट घालून रस आंबवायच्या भांड्यात, गेला तर काय बिघडतं? एक बाजू म्हणते, फेस टिकत नाही, बीअर लवकर शिळी लागते. दुसरी म्हणते, गाळातली स्निग्ध द्रव्यं यीस्टला सुरुवातीला कामी येतात. दोन्हींत तथ्य आहे. फरक प्रमाणाचा आहे आणि वीस लिटरच्या बॅचमध्ये दोन-चार पळ्या साका गेल्याने आकाश कोसळत नाही. तो तिथे पुन्हा खाली बसतो, वर यीस्टचा थर येतो. कापडातून पिळून काढणाऱ्यांची चिकाटी मला समजते, पण पटत नाही.

आमच्याकडचा गुळव्या हे ऐकून हसेल. तो काहिलीत रानभेंडीचा चिकट रस टाकतो, घाण गोळा होऊन वर येते, झाऱ्याने उचलतो. बीअरवाले उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ घालतात. तेही घाण गोळा करतं, फक्त ती थंड होताना खाली बसते. म्हणून झारा कामाचा नाही. भाच्याला सांगितलं ते इतकंच: आच बंद कर, रस थंड झाला की तो गार करणारी नळीची कॉइल बाहेर काढ, पळीने एकाच दिशेने जोरात ढवळ, झाकण ठेव, वीस मिनिटं हात लावू नकोस. नंतर कडेने नळी टाकून काढ आणि शेवटचा दीड लिटर सोडून दे. तो दीड लिटर सोडायला तो अजून तयार नाही.