उन्हाळी सुट्टीतील बालवाचन : पार्श्वभूमी

लहान मुलांनी उन्हाळी सुट्टीत पुस्तके वाचावीत आणि वाचलेल्याबद्दल काही बोलावे, लिहावे किंवा चित्र काढावे, यासाठी वाचनालये आणि शाळा दर मे महिन्यात उपक्रम जाहीर करतात. त्यांमागे दोन वेगळे प्रवाह आहेत : एक पुस्तक हातात देणाऱ्यांचा, दुसरा ते वाचल्याचा पुरावा मागणाऱ्यांचा. पहिला बराच जुना आहे. १८८१ मध्ये ‘बालबोध’, १९०६ मध्ये ‘आनंद’ आणि १९७१ मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ ही मासिके निघाली, तर १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता व अनुदानाची चौकट मिळाली आणि त्यांपैकी अनेकांत मुलांसाठी वेगळे कपाट आले. सुट्टीतल्या वाचनाची नोंद मात्र तेव्हा कोणी ठेवत नव्हते. चाळीच्या जिन्याखाली ट्रंकेवर जुने अंक मांडून मुलेच लायब्ररी चालवत, अंकाला दहा पैसे भाडे घेत, आणि अंक परत करणाऱ्याकडून एकच अपेक्षा असे : शेवट सांगायचा नाही.

दुसऱ्या प्रवाहाचे मूळ शोधताना ‘अवांतर वाचन’ या शब्दप्रयोगापाशी थांबावे लागते. अवांतर म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे. सभेत ‘अवांतर चर्चा नको’ म्हणतात तेच हे अवांतर. क्रमिक पुस्तक हे मुख्य आणि गोष्टीचे पुस्तक हे बाजूचे, ही उतरंड या शब्दातच आहे. ‘पूरक वाचन’ हा त्याला सुचवलेला पर्याय तुलनेने सभ्य खरा, पण त्यातही गोष्ट कशाला तरी पूरक असावी लागते. पाठ्यपुस्तकातले ‘स्थूलवाचन’ तर परीक्षेतल्या गुणांसह येते, त्यामुळे ते यांपैकी कशातच बसत नाही. पालक या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच घेतात : अभ्यास झाल्यावर वेळ उरला तर करायची गोष्ट. मे महिन्यात अभ्यास नसतो, म्हणून अवांतराला जागा मिळते; बालवाचन सुट्टीला चिकटले त्याचे एक कारण हे असावे.

या शब्दाला कागदोपत्री वजन आले ते २०१० नंतर. शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणे थांबले आणि राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प अशा आठ साधनांनी मूल पाहायचे आणि प्रगतिपत्रकात विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक या तीन रकान्यांत वर्णनात्मक नोंद करायची, अशी ती रचना होती. हेतू उत्तम होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पन्नास मुलांच्या वर्गासाठी अशा नोंदी करायच्या म्हटल्यावर तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरू लागल्या आणि ‘अवांतर वाचन करतो’ हे वाक्य, क्रियापदाचे लिंग तेवढे बदलून, वर्गातल्या निम्म्या पत्रकांवर उमटू लागले. कोणते पुस्तक, कोणती गोष्ट, मूल कशाला हसले, यासाठी त्या रकान्यात जागाच नव्हती.

सुट्टीतली ‘वाचन नोंदवही’ याच मुशीतून आली. अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, तात्पर्य, पालकांची सही असे तिचे रकाने असतात. वादाचा मुद्दा तात्पर्याचा आहे. ही वही ठेवणाऱ्यांचे म्हणणे असे की, काही लिहून घेतले नाही तर मूल नुसती चित्रे पाहून पुस्तक परत करते. त्यात तथ्य आहे. मात्र दुसरीतले मूल विहिरीत पडलेल्या कोल्ह्याची गोष्ट वाचून पानभर विहीरच काढते आणि कोल्ह्याला तळाशी एका ठिपक्याएवढा ठेवते, तेव्हा त्याला किती खोल वाटले असेल ते त्या चित्रात आलेले असते. तात्पर्याच्या रकान्यात त्याच मुलाच्या आईच्या अक्षरात ‘लबाडी करू नये’ असे लिहिलेले आढळते. पुढे नव्या अभ्यासक्रमाच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे नव्या धर्तीच्या प्रश्नपत्रिकेत, ‘स्वमत’ हा स्वतःचे मत मांडण्याचा प्रश्न आला आणि मार्गदर्शक पुस्तकांनी स्वमताचीही तयार उत्तरे छापली, त्याची पूर्वतयारी या वह्यांमध्ये होऊन गेली होती.

२०२० आणि २०२१ चे उन्हाळे वेगळे होते. शाळा बंद असताना गोष्टी मोबाइलवर आल्या, ‘गोष्टींचा शनिवार’सारख्या उपक्रमातून आठवड्याला नवी गोष्ट घरी पोहोचू लागली आणि मुलांचे प्रतिसाद आवाजाच्या व चित्रांच्या रूपात परत जाऊ लागले. लिहून द्या, असा आग्रह त्या काळात टिकणारच नव्हता. मात्र जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या पायाभूत साक्षरतेच्या राष्ट्रीय अभियानाने वाचनाला वेगाचे माप दिले : दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०, आणि तेही अर्थ समजून. ‘अर्थ समजून’ ही अट मोजायला कठीण, शब्द मोजायला सोपे. साहजिकच घड्याळ लावून वाचून घेण्याचा सराव आता सुट्टीच्या अभ्यासातही दिसतो.

एक जुनी अडचण मात्र या सगळ्यात तशीच राहिली आहे. अनेक शाळांमध्ये वार्षिक परीक्षेपूर्वी पुस्तके परत मागवून मोजणी केली जाते, कारण साठा नोंदवहीतले एक पुस्तक कमी भरले तर जबाबदारी प्रभारी शिक्षकावर येते. त्यामुळे शाळेतले गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट एप्रिलमध्ये कुलूपबंद होते ते थेट जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा भरतात म्हणून त्याहूनही पुढे, उघडते.