पवित्र गुरुवारचे गंगाळ आणि सीमाभागातील ख्रिस्ती सेवा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील जुन्या वळणाच्या घरांत पाहुणा दारात आला की आधी पायांवर घ्यायला पाण्याचा तांब्या पुढे होतो, आणि लग्नात वधूचा पिता जावयाचे पाय स्वतःच्या हाताने धुतो. पाय धुणे म्हणजे मान देणे, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र हा मान शिष्याकडून गुरूकडे, वधूपक्षाकडून वरपक्षाकडे, असा नेहमी खालून वर जातो. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येथील कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू गुडघे टेकून साध्या भाविकांचे पाय धुतात, तेव्हा हीच दिशा उलटी होते.

या विधीचे मूळ बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, वस्त्रे बाजूला ठेवून कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो आणि पुसतो. हे काम गुलामाचे, त्यामुळे पेत्र हा शिष्य साफ नकार देतो. त्याचा संकोच आपल्याकडील वाचकाला चटकन उमगावा. एकमेकांवर प्रीती करण्याची ‘नवी आज्ञा’ याच अध्यायात येते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने ख्रिस्ती मठात येणाऱ्या पाहुण्यांचे पाय मठाधिपतीने धुवावेत असे सांगितले. 1955 साली पोप पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाच्या उपासनेत सुधारणा करून हा विधी गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेत (मुख्य उपासनेत) घेण्याची मुभा दिली, तर 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने स्त्रियांचे पाय धुण्यासही अधिकृत मान्यता मिळाली.

सेवेचा हाच भाव या भागात मिशनऱ्यांच्या कामातही दिसतो. बेळगावचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटी या प्रोटेस्टंट संस्थेचे जोसेफ टेलर येथे आले. पुढे शाळा निघाल्या, पण गावोगावच्या माणसांच्या स्मरणात अधिक खोल रुतला तो दवाखाना. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय आज महाराष्ट्रात असले, तरी अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या लोकांना ते कधी परप्रांतातले वाटले नाही. दुखणे हाताबाहेर गेले की ‘मिरजेला न्या’ हेच तोंडी यायचे. या सेवेमागे धर्मप्रसाराचा हेतू होता आणि मिशनऱ्यांनी तो लपवलाही नाही. त्यावरची टीका रास्त मानली तरी, ज्या जखमांना घरचेही हात लावत नसत त्या तिथे धुतल्या जात होत्या, ही गोष्ट उरतेच.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत तर हा विधी शब्दशः रोजचे काम झाला. या रोगात पायाची संवेदना जाते. काटा रुतला, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही आणि तळव्याला व्रण पडतो. म्हणून पाय रोज पाण्यात भिजत ठेवायचे, जाड झालेली कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासायची, ओलावा आत टिकावा म्हणून तेल लावायचे आणि तळवा उलटून नीट पाहायचा. बहुविध औषधोपचाराची, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याची, शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये केली आणि रोग पुरता बरा होऊ लागला, पण गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसालाही पुढे आयुष्यभर संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन बसावे लागते, आणि ज्यांच्या हातांची बोटे झिजून गेली आहेत त्यांचे पाय दुसऱ्या कोणीतरी घासून द्यावे लागतात.