फिनॉल्फ्थॅलीन की मिथिल ऑरेंज?

हे दोघे दर्शक, म्हणजे आम्ल-आम्लारीत रंग बदलणारी द्रव्यं, आणि त्यांचे रंग सगळ्यांना पाठ असतात. फिनॉल्फ्थॅलीन आम्लात रंगहीन, आम्लारीत गुलाबी. मिथिल ऑरेंज आम्लात लाल, आम्लारीत पिवळा. घोळ होतो तो पुढे: ‘आम्ल आणि आम्लारी बरोबरीत आले की दर्शकाचा रंग बदलतो, मग कुठलाही घ्या.’ हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं.

दर्शकाला बरोबरी कळत नाही, फक्त पीएच (द्रावण किती आम्लधर्मी हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे उदासीन) कळतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ दरम्यान रंग बदलतो, फिनॉल्फ्थॅलीन साधारण ८.२ ते १० दरम्यान. ७ ला दोघेही ढिम्म!

तरी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या टायट्रेशनला (एकात दुसरं मोजून सोडत बरोबरी गाठायला) दोन्ही चालतात, आणि गैरसमज पोसला जातो तो तिथेच. दोन्ही द्रावणं ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल), फ्लास्कमध्ये २५ मिली आम्ल. आम्लारी थेंबाथेंबाने सोडणाऱ्या मोजनळीचं, म्हणजे ब्युरेटचं, रीडिंग २४.९५ मिली असताना पीएच ४, आणि २५.०५ ला थेट १०. दोन थेंबांत एवढी उडी, त्यामुळे दोघांच्या रीडिंगमध्ये जेमतेम थेंबाचा फरक पडतो.

आता त्याच फ्लास्कमध्ये तेवढंच, ०.१ मोलरच ॲसिटिक आम्ल घ्या. ते सौम्य, म्हणजे पाण्यात थोडंच विघटित होणारं आम्ल, त्यामुळे समतुल्य बिंदू (जिथे आम्ल आणि आम्लारी बरोबरीत येतात) पीएच ८.७ च्या आसपास. मिथिल ऑरेंज टाकलात तर लाल रंग सुरुवातीपासूनच हळूहळू नारिंगीकडे सरकतो आणि साडेसात मिलीच्या सुमारास पूर्ण पिवळा. तिथे थांबलात तर सत्तर टक्के आम्ल तसंच राहिलेलं! इथे फिनॉल्फ्थॅलीनच हवं. अमोनियाचं टायट्रेशन हायड्रोक्लोरिक आम्लाने करताना उलट: समतुल्य बिंदू ५.३ जवळ, फिनॉल्फ्थॅलीन आधीच रंग सोडून मोकळं. तिथे मिथिल ऑरेंज चालतो. मी मात्र मिथिल रेड हा तिसरा दर्शकच घेईन.

दोन्ही चालत असतील तिथे माझं मत फिनॉल्फ्थॅलीनला. नारिंगी नेमकं कधी झालं यावर वाद घालण्यापेक्षा रंगहीनात पहिली गुलाबी छटा पकडणं सोपं. छटाच हं, गडद गुलाबी म्हणजे थेंब जास्त गेले. आणि ती छटा काही वेळाने उडाली तर पुन्हा ब्युरेट उघडू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड तिला खातो. अर्धा मिनिट टिकली की रीडिंग घ्या.

सोडियम कार्बोनेटला मात्र दोघेही लागतात. ०.०५ मोलर द्रावण २५ मिली घेऊन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं, की १२.५ ला गुलाबी जातो: कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालं, एवढंच. मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाका आणि चालू ठेवा, पिवळ्याचा नारिंगी २५ ला होईल.